भाकरीतली गोळी

त्या हिवाळ्यात आबांचे गुडघे आणि कुत्र्याचा मागचा पाय एकाच आठवड्यात दुखायला लागले.

आबा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका मोठ्या गावात सरकारी आरोग्य केंद्रात नर्स आहे. नवरा दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. आई गेल्यावर मी आबांना माझ्याकडे आणलं आणि आबांबरोबर कुत्रा आला. तो खरं तर त्यांच्या गल्लीतला, कोणाचाच नव्हता. आईच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवाच्या कडेला बसून राहिला. लोक जेवून गेले, मांडव निघाला, तरी हा तिथेच. आबांचं सामान टेम्पोत चढवलं तेव्हा तोही उडी मारून चढला. मी हाकलणार होते. आबा म्हणाले, "राहू दे. माले बी कोनी पाहिजे ना."

त्याला नाव असं ठेवलं नाही. आबा त्याला 'धाकला' म्हणायचे. अहिराणीत धाकला म्हणजे धाकटा. मी एकुलती एक. घरात धाकटं कोणी नव्हतंच. मला अहिराणी सगळी कळते, पण बोलायला गेलं की नोकरीतली मराठी येते. आबांचं तसं नाही. आयुष्यभर धुळे, शिरपूर, अमळनेर अशा गाड्या चालवल्या, हजारो माणसं नेली-आणली, पण त्यांची भाषा आहे तशीच राहिली. कुत्र्याशी तर ते दिवसभर बोलायचे. सकाळी बुद्धवंदना म्हणताना तो त्यांच्या चटईच्या कोपऱ्यावर पुढचे पाय टेकून बसायचा. वंदना संपली की दोघं गावाबाहेर कापसाच्या शेतापर्यंत फिरून यायचे.

मी नर्स असल्यामुळे कुत्र्याचं दुखणंखुपणं आपोआप माझ्याकडे आलं. पहिल्यांदा त्याच्या पंजात काच घुसली. पट्टी बांधायला गेले तर त्याने माझ्या मनगटाला दात लावले. तेव्हा मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. आमच्या गावात जनावरांचा दवाखाना आहे. तिथले डॉक्टर तरुण आहेत आणि त्यांच्याकडे आजूबाजूची पंधरा-वीस गावं आहेत. त्यांनी सांगितलं, दुखावलेला कुत्रा मालकालाही चावतो, त्यात त्याचा दोष नाही. आधी गॉजच्या लांब पट्टीने तोंड बांधा, गाठ कानामागे घ्या, मग काम करा. पण उलटी करत असेल किंवा धापा टाकत असेल तर तोंड कधीच बांधायचं नाही. मी तसं केलं. स्वच्छ पाण्याने जखम धुतली, काच काढली, दाबून रक्त थांबवलं, पट्टी केली. चार दिवसांत तो चालायला लागला.

मग एका मे महिन्यात तो दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये अडकला. कोणीतरी दार लावून घेतलं होतं. सापडला तेव्हा जीभ जांभळी, लाळ दोरीसारखी लोंबत होती, पाय लटपटत होते. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसंही अशीच येतात, त्यामुळे माझे हात आपोआप चालले. सावलीत ओढला, पोटावर, मांड्यांच्या आतून, पंजांवर साधं पाणी ओतत राहिले, समोर पंखा लावला. बर्फ लावला नाही. तोंडात पाणी ओतलं नाही, वाटी पुढे ठेवली, त्याचं तो प्यायला. संध्याकाळपर्यंत उभा राहिला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी येऊन तपासून गेले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही वाचवलं त्याला."

त्या वाक्याने माझं नुकसान केलं असं मला आता वाटतं. त्यानंतर गल्लीतली माणसं कुत्र्यामांजराचं काही झालं की माझ्याकडे यायला लागली. गांधीलमाशीने तोंड सुजलं, गोचिडीने कान भरले, कुणाच्या कुत्र्याला मोटारसायकलचा धक्का लागला. मी सांगायची, बघायची, आणि मलाही वाटायला लागलं की मला हे येतं.

तर तो हिवाळा. आमच्याकडे थंडी पडते तेव्हा पडते. सकाळी पाण्याच्या टाकीला हात लावू नये असं वाटतं. आबांना उठता-बसता त्रास व्हायला लागला. मी आमच्या केंद्रातल्या मेडिकल ऑफिसरना दाखवलं. त्यांनी सांधेदुखीची गोळी लिहून दिली, सोबत पित्ताची एक. मी पट्ट्या आणून आबांच्या खोलीतल्या कोनाड्यात डब्यात ठेवल्या आणि समजावून सांगितलं, "ही लाल गोळी जेवणानंतर, दिवसातून एक. दुखणं थांबतं. आणि ही दुसरी सकाळी उपाशीपोटी."

दोन दिवसांत आबांना आराम पडला. तिसऱ्या दिवशी ते कुत्र्याला घेऊन शेतापर्यंत जाऊन आले. कुत्रा मात्र मागचा उजवा पाय उचलून चालत होता. वय झालेलं होतं, आठ-नऊ वर्षांचा तरी असेल. मी पाय चाचपून पाहिला, हाड मोडलेलं नव्हतं. थंडीने धरला असेल म्हणाले, पोतं अंथरलं आणि विसरले.

आठवडाभराने तो बरा चालायला लागला. मला वाटलं पोत्याचा गुण.

त्यानंतर दोनेक दिवसांनी त्याने दादरची, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीची, भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उलटी पडलेली दिसली. पिवळं पाणी, थोडा फेस. मी ड्यूटीवर निघाले होते. बाहेर काहीतरी सडकं खाल्लं असेल असं म्हणून आबांना सांगितलं, "आज काही देऊ नका खायला. पोट रिकामं राहू द्या. पाणी तेवढं ठेवा."

संध्याकाळी आले तर तो पोत्यावर पडलेला. शेपटी एकदा हलवली, उठला नाही. आबा त्याच्याजवळ बसून चमच्याने काहीतरी पाजत होते. मला वाटलं साखरपाणी. मी म्हटलं, "आबा, जबरदस्तीने पाजू नका, ठसका लागतो."

"थोडंसंच शे," आबा म्हणाले. "काहीच खात नही ना तो."

मी पुढे होऊन चमच्यात काय आहे ते पाहिलं नाही. हात धुतले, चहा ठेवला. त्या दिवशी आमच्याकडे बाळंतपणं दोन झाली होती आणि माझी कंबर मोडली होती. हे कारण मी नंतर स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं.

दुसरा दिवस रविवार होता. नवऱ्याला त्या आठवड्यात सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून घरात आम्ही दोघंच. सकाळी मी उठून बाहेर गेले तर कुत्रा पोत्यावर नव्हता. घराच्या मागे, नळाच्या ओट्याजवळ जाऊन पडला होता. त्याच्या तोंडाजवळ उलटी होती, तपकिरी, कॉफीच्या भुकटीसारखी दाणेदार. आणि थोडं पलीकडे डांबरासारखी काळी, चिकट शी. वास यायच्या आधीच मला कळलं ते काय आहे. माणसाची अशी शी दिसली असती तर मी एका मिनिटात डॉक्टरांना हाक मारली असती आणि रुग्णवाहिका बोलावली असती. पोटात रक्तस्राव. तो नेहमी मागच्या पडीक जागेत जाऊन बसायचा, म्हणून मला आधी दिसलं नव्हतं. मागे जाऊन पाहिलं तर गवतात आणखी दोन-तीन ठिकाणी तसंच, वाळलेलं.

मी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढुरक्या, जुन्या मेणबत्तीच्या रंगाच्या. बोटाने दाबून सोडल्या. रंग परत यायला हवा होता, तो आलाच नाही म्हणावं इतका उशीर. मांडीच्या आतून नाडी धरली. भराभर आणि बारीक. कान थंड.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते सातपुड्याकडच्या पाड्यांवर गुरांना लस टोचायला गेले होते. दोनदा लागला नाही. तोपर्यंत शेजारच्या घरातली माणसं कुंपणाशी आली. एक काकू म्हणाली, दूध-हळद पाज. एक जण म्हणाला, मिठाचं पाणी घाला घशात, सगळं विष उलटून पडेल. तिसऱ्याने कडुलिंबाचा पाला सुचवला. मी सगळ्यांना नको नको म्हणत होते आणि मी स्वतः काय केलं? घरात जाऊन ओआरएस कालवलं, सिरिंजमध्ये भरलं आणि त्याच्या जबड्याच्या कडेने सोडलं. त्याला ठसका लागला, तो घुसमटला आणि पुन्हा उलटी केली. या वेळी लाल. मी सिरिंज फेकून दिली. कालच मी आबांना सांगितलं होतं की पाजू नका.

तिसऱ्यांदा फोन लागला. आवाज तुटत होता म्हणून मी स्पीकरवर टाकला. मी सगळं सांगितलं, जसं मी ड्यूटीवर सांगते तसं: उलटी कधीपासून, शी कशी, हिरड्या, नाडी. डॉक्टर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "उंदराचं औषध ठेवलंय का कुठे घरात?"

"नाही."

"शेतात फवारणी?"

"सध्या नाही."

"बरं. घरात कोणाला सांधेदुखीची, अंगदुखीची गोळी चालू आहे का? ती त्याच्या तोंडात गेली असेल का?"

मी नाही म्हणणार होते. आबा माझ्या मागे दगडावर बसले होते. ते फोनकडे वाकून म्हणाले, "मी देस ना त्याले. रोज एक. भाकरीमा घालीसन."

 

"किती दिवस?" डॉक्टरांनी विचारलं.

"आठ-नऊ दिन व्हतीन," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही भीती नव्हती. उलट आपण काळजी घेतली हे सांगायला मिळाल्याचं समाधान होतं. "त्याना पाय दुखे. मना सारखाच. मंग हाई गोयी लिधी ना, तो चालाले लागना. काल भाकरी खाई नही तं पानीमा इरघळीसन चमच्यानी दिधी."

चमचा. मी आबांकडे पाहिलं नाही. कुत्र्याच्या पोटावर हात ठेवला होता, तिथेच पाहत राहिले.

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "स्पीकर बंद करा."

मी उठून नळाच्या पलीकडे गेले. त्यांनी गोळीचं नाव विचारलं. मला पाठ होतं. ते म्हणाले, ही गोळी कुत्र्याला चालत नाही. माणसाच्या अंगदुखीच्या कितीतरी गोळ्या चालत नाहीत. पोटाला भोकं पाडते, मूत्रपिंडं बंद पाडते. पहिल्या एक-दोन दिवसांत कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

"मी काय करू आता?" मी विचारलं.

"काही करू नका. पोटात काही घालू नका, पाणीसुद्धा पाजू नका. उलटी करवायची नाही. कुशीवर ठेवा, मान सरळ, उलटी आली तर तोंड खाली करून वाहू द्या. पांघरूण घाला. गोळीची पट्टी सोबत घ्या आणि धुळ्याला न्या. मी तिथल्या डॉक्टरांना फोन करून ठेवतो. मला इथून यायला चार तास लागतील, आणि माझ्याकडे जे आहे ते पुरायचं नाही."

"वाटेत काही? काही तरी सांगा ना डॉक्टर."

हे मी म्हणाले. 'काही तरी करा ना सिस्टर' असं एकोणीस वर्षं मला लोक म्हणत आले आहेत, बहुतेक वेळा सगळं करून झाल्यावर.

"उबदार ठेवा," ते म्हणाले. "आणि हलवू नका जास्त."

शेजारच्या नानांची पिकअप आहे. ते जिनिंग फॅक्टरीत कापूस पोचवतात. रविवार असूनही ते निघाले, काही विचारलं नाही. मागे पोती अंथरली, त्यावर मी बसले, कुत्र्याचं डोकं माझ्या मांडीशी. आबांना म्हटलं, तुम्ही घरी थांबा. ते ऐकायला तयार नव्हते. गुडघे दुखत असताना पिकअपच्या मागच्या फळीवर चढले, दोन्ही हातांनी पकडून, आणि माझ्यासमोर बसले.

तासाभराहून जास्त लागतो. रस्त्याचं काम चालू होतं, धूळ होती. मी दर थोड्या वेळाने त्याची नाडी बघत होते. बघून करणार काय होते? माझ्या पिशवीत सलाइनची बाटली होती, सुया होत्या. निघताना न विचारता टाकल्या होत्या. माणसाच्या हातात मी अंधारातही शीर धरू शकते. वाटेत एकदा मी त्याच्या पुढच्या पायावर रबर बांधलं आणि बोटाने शोधलं. केसांखाली, थंड कातडीखाली काहीच लागेना. एकदा सुई टोचली, चुकली. तो ओरडलाही नाही, फक्त पाय जरासा मागे घेतला. मी रबर सोडलं. त्याच्यावर पुन्हा सुई घेऊन जायची हिंमत झाली नाही.

आबा सगळं पाहत होते.

"डॉक्टरनी काय सांगं तुले?" त्यांनी विचारलं.

"धुळ्याला न्या म्हणाले."

"ते आयकं मी. स्पीकर बंद करीसन काय सांगं?"

मी म्हटलं, "आबा, नंतर बोलू."

पस्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. प्रवाशांची तोंडं आरशात पाहून कोण आजारी, कोण भांडून आलंय हे ओळखायचे. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. टोपी काढून मांडीवर ठेवली. धुळ्याचा पूल येईपर्यंत तसेच बसले. मग म्हणाले, "गोयी ना?"

मी मान हलवली. 

धुळ्याचे डॉक्टर दाराशीच थांबले होते. वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी पुढच्या पायावरचे केस काढले, एका प्रयत्नात सुई लावली, सलाइन सुरू केलं, पोटासाठी इंजेक्शनं दिली, रक्त घेतलं. मी टेबलाच्या पलीकडे उभी होते आणि बाटली धरून ठेवण्यापलीकडे मला काही काम नव्हतं. रक्ताचा निकाल दुपारी आला. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला कारण मी नर्स आहे हे त्यांना कळलं होतं. माणसाचा तसा कागद असता तर मी नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलले असते. मूत्रपिंडं जवळजवळ थांबली होती.

"तीन-चार दिवस सलाइन देऊन बघू," ते म्हणाले. "कधी कधी सुरू होतात."

आम्ही तीन दिवस रोज धुळ्याला गेलो. मी रजा टाकली. नानांना रोज जमणार नव्हतं. दोन दिवस एका ओळखीच्या रिक्षावाल्याने नेलं. सकाळी जायचं, दिवसभर सलाइन, संध्याकाळी परत. घरी त्याला आबांच्या खोलीत ठेवलं. डॉक्टरांनी शिकवलं ते सगळं मी करत होते: दोन तासांनी कूस बदलायची, पोटाखाली फडकं बदलायचं, हिरड्या ओल्या कापसाने पुसायच्या, लघवी किती झाली ते बघायचं. लघवीच होत नव्हती. मी कोरडं फडकं हातात घेऊन पुन्हा पुन्हा त्यावर हात फिरवून बघायचे. दुसऱ्या दिवशी उलटीतलं रक्त थांबलं, तेव्हा मला वाटलं की होईल. तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडाला तो वास यायला लागला, जो मूत्रपिंडं गेलेल्या माणसाच्या श्वासाला येतो. मला तो वास ओळखू आला नसता तर बरं झालं असतं.

आबा त्याच्या शेजारी चटई टाकून झोपायचे. दिवसा त्याच्या कानांमागे बोटं फिरवत बसायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "तो माले वळखस का आते?"

"ओळखतो ना. तुमचा आवाज आला की कान हलतो त्याचा."

"मंग त्याले समजत व्हई का, कोनी दिधं ते?"

"नाही आबा. त्याला फक्त भाकरी कोणी दिली तेवढं समजतं."

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले. ऐकून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा लक्षात आलं की मी नको ते बोलले होते.

चौथ्या दिवशी सकाळी धुळ्याच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, "आता आणू नका. त्याला प्रवासाचा त्रास देऊ नका." त्यांनी दुसरा मार्गही सांगितला, त्रास वाढला तर एक इंजेक्शन देता येतं, झोपेतच जातो. आमच्या गावचे डॉक्टर येऊन देतील म्हणाले. मी आबांना विचारलं. त्यांनी आधी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले, "मी एक गोयी दिधी तं हाई झायं. आते दुसरी मना हातनी सांगू नको."

मी ठरवलं की मीच ठरवते. गावच्या डॉक्टरांना बोलावलं. ते दुपारी दोनला येतो म्हणाले. एकच्या सुमारास मी स्वयंपाकघरात होते. आबा खोलीतून हळूहळू, मोठ्याने नाही, वंदना म्हणत होते. दुपारी कधी म्हणत नाहीत. मी दारात गेले. कुत्र्याचा श्वास लांब लांब पडत होता, मधे मोकळी जागा. मी खाली बसले. नाडीवर बोट ठेवलं, सवयीने. काही वेळाने बोटाखाली काही लागलं नाही. आबांची वंदना चालूच होती. ती पूर्ण होईपर्यंत मी सांगितलं नाही.

डॉक्टर आले तेव्हा आम्ही त्याला चादरीत गुंडाळत होतो. त्यांनी बॅग उघडली नाही. नानांच्या शेताच्या बांधाला खड्डा केला. आबांना खाली बसता येत नव्हतं म्हणून ते उभे राहून माती टाकत होते.

परतताना डॉक्टर माझ्याबरोबर चालत आले. म्हणाले, "खूप घरांत होतं हे सिस्टर. माणसाला लागू पडतं ते त्यालाही पडेल असं वाटतं सगळ्यांना." मी विचारलं, "मला वाटायला नको होतं ना?" ते म्हणाले, "तुम्ही दिली नाहीत." पण मी पट्टी आणली होती, दुखणं थांबतं असं सांगितलं होतं, चमचा पाहिला होता.

घरी आबांनी मला बोलावलं. कोनाड्यातला डबा त्यांच्या हातात होता.

"एक इचारू?" ते म्हणाले. "राग नको धरू. तुमना नर्सना कोर्समा हाई शिकाडतस नही का? जनावरले काय द्यानं, काय नही?"

"नाही आबा. आम्हाला माणसांचंच शिकवतात."

"हां," ते म्हणाले. "तं मंग तुले बी माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"माले वाटनं तुले बठ्ठं माहीत ऱ्हास."

त्यात दोष देणं नव्हतं. मला सगळं माहीत असतं असं खरंच वाटत होतं त्यांना. त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "हाई आते ठेवू नको आठे."

"तुमच्यासाठी आहेत या. तुम्हाला चालतात. तुम्हाला काही होत नाही यांनी."

"माले नको."

मला वाटलं दोन दिवसांनी ऐकतील. दोन महिने झाले. मेडिकल ऑफिसर घरी येऊन समजावून गेले, दुसऱ्या रंगाची दुसरी गोळी लिहून दिली. आबांनी ती त्यांच्यासमोर घेतली आणि ते गेल्यावर थुंकली. नवरा शनिवारी आला की तोही सांगून पाहतो. आबा त्याला 'हो भाऊ' म्हणतात. सकाळी वंदनेनंतर त्यांना चटईवरून उठता येत नाही. मी काखेत हात घालून उठवते. तेल लावते, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकते. तेवढं ते करू देतात.

गल्लीतली माणसं अजून मला कुत्र्यांबद्दल विचारायला येतात. परवा एक बाई आली, तिचा कुत्रा लंगडतो. मी तिला आधीच सांगून टाकलं की घरातली कुठलीही गोळी द्यायची नाही, डॉक्टरला दाखवा. ती म्हणाली, "मग तोवर काय करू?" मी म्हटलं, पोतं अंथरा, उबेत ठेवा, जिना चढू देऊ नका. तिचा चेहरा पडला. तिला आणखी काहीतरी हवं होतं. मला देता आलं नाही. आबा ओट्यावर बसून ऐकत होते; तिने फाटक लावून घेतल्यावर ते काठी टेकत उठायला लागले, मधेच अडकले, आणि मी हात पुढे करायच्या आत पुन्हा खाली बसले.